डॉख : शब्दकोशात न सापडणारा 'की'

'डॉख' या जर्मन शब्दाबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नर्स आहेत. पुण्यात जर्मनची बी-१ (मध्यम पातळीची) परीक्षा पास होऊन त्या आता चार महिने श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात काम करत आहेत. त्या लिहितात, "इथले सहकारी दर दुसऱ्या वाक्यात 'डॉख' म्हणतात. शब्दकोशात 'पण', 'तरीही' आणि 'हो' असे तीन अर्थ सापडले. तिन्ही लावून पाहिले, पण वाक्यात एकही बसत नाही. परवा एक सहकारी मला म्हणाली, 'डास हाबे इश डीअर डॉख गेझाक्ट.' ती चिडली होती का? मी हा शब्द कुठे आणि कसा वापरू? नाही वापरला तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही वापरला तर व्याकरण चुकणार नाही, परीक्षेत गुण जाणार नाहीत, आणि पेशंटला तुमचं म्हणणं कळेलही. पण मराठी बोलताना कुणी 'की', 'ना', 'बरं', 'तर' आणि 'च' हे सगळे शब्द गाळून बोलू लागला तर त्याचं बोलणं कसं लागेल, याचा विचार करा. "बस." "ये." "सांगितलं." "माहीत आहे." चूक काहीच नाही, पण माणूस रागावलाय की काय असं वाटतं. डॉख न वापरणाऱ्या परदेशी माणसाचं जर्मन जर्मन लोकांच्या कानाला तसंच कोरडं लागतं. म्हणून शिका. आणि शिकायचा सोपा रस्ता इंग्रजीतून जात नाही, आपल्या मराठीतून जातो. मी पंचवीसहून अधिक वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मीही डॉख इंग्रजीतून समजावत होते, कारण सगळी पाठ्यपुस्तकं तसंच करतात. इंग्रजीत या शब्दाला जोडच नाही, त्यामुळे मुलं नियम पाठ करायची आणि बोलताना शब्द गिळून टाकायची. एकदा कोल्हापूरकडच्या एका मुलाने वर्गात वाक्य ऐकलं आणि सहज म्हणाला, "मॅडम, हा आपला 'की' आहे की!" त्या दिवसापासून माझी शिकवण्याची पद्धत बदलली.

उच्चार आधी नीट करून घेऊ. मी इथे जर्मन देवनागरीत लिहिते आहे, ते जवळपास कळावं एवढ्यासाठीच. डॉखमधला 'ऑ' आखूड आहे, डॉक्टरमधल्या 'ऑ'पेक्षाही आखूड. शेवटचा 'ख' आपला नाही. आपला ख म्हणताना जीभ मागे टाळूला पूर्ण टेकते आणि मग सुटते. जर्मन ख मध्ये ती टेकतच नाही, थोडी फट राहते आणि त्या फटीतून हवा घासत जाते. उर्दू गझल ऐकत असाल तर 'ख़त' किंवा 'ख़याल'मधला नुक्त्याचा ख आठवा. हे जमलं नाही तर तोंडातून 'डॉक' निघतं, आणि जर्मनमध्ये डॉक म्हणजे जहाजांची गोदी.

आता पहिला उपयोग. हा सगळ्यात ठसठशीत आहे आणि तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचाही. जर्मनमध्ये 'हो' आणि 'नाही' याखेरीज उत्तराचा तिसरा शब्द आहे, तो डॉख. समोरच्याने नकार घालून काही विचारलं किंवा म्हटलं, आणि तुम्हाला तो नकार खोडायचा असेल, तर 'या' (जर्मन 'हो') म्हणून चालत नाही, डॉखच म्हणावं लागतं. "कॉम्स्ट डू निश्ट मिट?" तू येणार नाहीस बरोबर? "डॉख!" येणार की! "डू हास्ट काइनन श्ल्युसल, ओडर?" तुझ्याकडे किल्ली नाहीये ना? "डॉख!" आहे की! बघा, मराठीत आपण क्रियापद पुन्हा उच्चारून त्याला 'की' जोडतो. जर्मन माणूस क्रियापद सोडून देतो आणि नुसता 'की' म्हणतो. असा वेगळा शब्द फ्रेंचमध्ये 'सी' आहे, स्वीडिशमध्ये 'यो' आहे. स्वित्झर्लंडमध्ये गेलात तर डॉखऐवजी 'मोमॉल' ऐकू येईल, तेव्हा गोंधळून जाऊ नका. लहान मुलांच्या भांडणात तर हा शब्द चेंडूसारखा इकडून तिकडे जातो : "नाइन!" "डॉख!" "नाइन!" "डॉख!" आपल्याकडे "नाहीच!" "आहेच!" चालतं, अगदी तसं. लुई द फ्युनेस या फ्रेंच विनोदी नटाच्या जर्मन डबिंगमधलं "नाइन! डॉख! ओऽ!" हे तीन शब्दांचं संभाषण तर जर्मनीत घराघरात ठाऊक आहे. कुणी तुमच्यासमोर तसं म्हणून हसलं तर ते तुम्हाला हसलेले नाहीत.

इथे एक धोक्याची जागा आहे आणि ती आपल्या मराठी सवयीतून येते. आपल्याला कुणी विचारलं, "जेवला नाहीत?" आणि खरोखर जेवलो नसलो तर आपण म्हणतो, "हो ना, वेळच मिळाला नाही." म्हणजे आपला 'हो' हा समोरच्याच्या अंदाजाला असतो : तुझं बरोबर आहे. आणि जेवलो असलो तर आपण म्हणतो, "नाही, जेवले ना!" तो 'नाही' सुद्धा त्याच्या अंदाजालाच असतो : तुझं चुकलं. जर्मनमध्ये हिशेब वेगळा आहे. तिथे उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं असतं. जेवला नाहीत तर 'नाइन'. जेवलात तर 'डॉख'. आपल्या 'हो ना'चं भाषांतर तिथे 'नाइन' होतं आणि आपल्या 'नाही, जेवले की'चं भाषांतर 'डॉख' होतं. म्हणजे दोन्ही टोकं उलटी.

मी विद्यार्थीदशेत फ्रायबुर्गला एका वयस्कर बाईंच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहिले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "हाबन झी काइनन हुंगर?" भूक नाही का तुम्हाला? मला भूक नव्हती. मी मराठी मनाने म्हटलं, "या." त्या गोंधळल्या, थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग ताट वाढून आणलं. मी ते निमूट संपवलं. दोन दिवसांनी खरोखर भूक असताना तोच प्रश्न आला आणि मी "नाइन" म्हणून बसले. त्यांनी भांडी आवरली. तेव्हा प्रश्न जेवणाचा होता. तुमच्या वॉर्डात प्रश्न औषधाचा असतो. "हाबन झी काइने श्मेर्त्सन?" दुखत नाहीये ना? असं तुम्ही पेशंटला विचारलंत आणि पेशंट "डॉख, डॉख" म्हणाला, तर त्याचा अर्थ दुखतंय, बऱ्यापैकी दुखतंय. पुष्कळ आपल्याकडच्या मुली तो स्वर ऐकून 'ठीक आहे' असं समजतात. आणि डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं की पेशंटला अजून इंजेक्शन दिलेलं नाही का, आणि दिलेलं नसताना तुम्ही मराठी सवयीने "या" म्हणालात, तर गोंधळ व्हायला वाव आहे. माझा आग्रह आहे की कामाच्या ठिकाणी नुसत्या एका शब्दावर थांबूच नका. "नाइन, नॉख निश्ट." नाही, अजून नाही. "डॉख, उम आख्ट." दिलं की, आठ वाजता. मागे दोन शब्द जोडले की कुणाच्याही सवयीचा प्रश्न उरत नाही. आणि तुम्ही स्वतः पेशंटला प्रश्न विचारताना नकार टाळा, सरळ "हाबन झी श्मेर्त्सन?" विचारा.

याच उपयोगाची एक नाजूक छटा आहे, ती पुस्तकात सहसा नसते. कधी कधी प्रश्नात नकार नसतानाही उत्तरात डॉख येतं. हॉटेलात वेटर विचारतो, जेवण आवडलं का? आणि माणूस म्हणतो, "डॉख, वार गूट." प्रश्नात नकार नव्हता, पण बोलणाऱ्याच्या मनात कुठेतरी शंका होती, किंवा विचारणाऱ्याच्या मनात ती असेल असं त्याला वाटलं, आणि ती त्याने खोडली. मराठीत आपण म्हणतो, "नाही, चांगलं होतं की." तो सुरुवातीचा 'नाही' आठवा, तो कुणाला असतो? तिथेच हा डॉख आहे. मात्र हे तुम्ही आत्ताच वापरू नका, कारण स्वर जरा इकडेतिकडे झाला तर कौतुक हातचं राखून केल्यासारखं वाटतं. मनापासून आवडलं असेल तर 'या, झेअर', म्हणजे 'हो, खूप', म्हणा.

आता दुसरा उपयोग, ज्याने तुम्हाला त्रास दिला आहे. वाक्याच्या मधे, जोर न देता, पटकन म्हटलेला डॉख. "डास वाइस्ट डू डॉख." तुला माहीत आहे की. "एअर इस्ट डॉख क्रांक." तो आजारी आहे ना! अशा वाक्यात डॉखला स्वतःचा अर्थ नाही. त्यातून बोलणारा दोन गोष्टी एकदम सुचवतो. एक, मी सांगतोय ते तुलाही माहीत आहे किंवा असायला हवं. दोन, तुझं आत्ताचं बोलणं किंवा वागणं त्याच्याशी जुळत नाही. कुणीतरी म्हणतं, "आज त्याला बोलवू या," आणि दुसरा म्हणतो, "अरे, तो आजारी आहे ना!" त्या 'अरे' आणि 'ना'मध्ये जे भरलेलं आहे, ते जर्मन माणूस एका डॉखमध्ये भरतो.

जर्मन व्याकरणकार बराच काळ डॉखसारख्या छोट्या शब्दांकडे तुच्छतेने पाहत होते. लुडविग राइनर्स या शैलीतज्ज्ञाने तर त्यांना भाषेच्या अंगावरच्या उवा म्हटलं होतं. मग १९६९ साली हाराल्ट वाइट या भाषाशास्त्रज्ञाने या शब्दांचा नीट अभ्यास करून तो प्रसिद्ध केला, आणि त्याने वापरलेलं 'आबट्योनुंग्सपार्टिकेल', म्हणजे छटा देणारा छोटा शब्द, हे नाव रूढ झालं. मला हे नाव फार आवडतं. जर्मनीत रंगाच्या दुकानात 'आबट्योनफार्बे'च्या लहान बाटल्या मिळतात. पांढऱ्या रंगाच्या डब्यात त्यातले थोडे थेंब टाकायचे, की भिंतीला हवी ती छटा येते. डॉख हा असा थेंब आहे. वाक्याची भिंत तीच राहते, रंग बदलतो. थेंब काढून टाकला तरी भिंत उभीच असते, म्हणून शब्दकोशाला त्याचा अर्थ पकडता येत नाही.

जागा कुठली? इथे मराठी मदत करते आणि थोडी फसवतेही. आपला 'की' वाक्याच्या शेवटी बसतो, त्यामुळे आपली मुलं डॉखही शेवटी टाकतात : "डास हाबे इश डीअर गेझाक्ट डॉख." असं जर्मन कानाला सहन होत नाही. छोट्या वाक्यात डॉख आपोआप शेवटी येतो, जसं "डास वाइस्ट डू डॉख", म्हणून ही चूक लक्षात येत नाही. पण जिथे क्रियापदाचा दुसरा तुकडा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो, तिथे डॉखला आत, त्या दोन तुकड्यांच्या मधे राहावं लागतं. मधेही कुठे? मी, तू, त्याला, हे अशा छोट्या सर्वनामांच्या नंतर, आणि जी नवी, महत्त्वाची माहिती आहे तिच्या आधी. "इश हाबे ईम डॉख गेस्टर्न डास बूख गेगेबन." मी त्याला कालच पुस्तक दिलं की! 'ईम' म्हणजे त्याला, ते आधी. मग डॉख. मग काल, मग पुस्तक. आणि या अर्थाचा डॉख वाक्याच्या पहिल्या जागेवर कधीच येत नाही. पहिल्या जागी आला तर तो 'पण' होतो : "इश हाबे गेवार्टेट, डॉख एअर काम निश्ट." मी वाट पाहिली, पण तो आला नाही. हा लिखाणातला डॉख. बातम्यांत, कादंबऱ्यांत भरपूर सापडेल. बोलताना लोक त्या जागी 'आबर' म्हणतात. शब्दकोशातला 'पण' तुम्हाला बसला नाही तो याचमुळे.

शब्दकोशातला 'तरीही' आहे तो जोर दिलेला डॉख. गॅलिलिओच्या तोंडी जे प्रसिद्ध वाक्य घातलं जातं, ते जर्मनमध्ये असं आहे : "उन्ट झी बेवेक्ट झिश डॉख." आणि तरी ती फिरतेच. इथे डॉखवर पूर्ण वजन आहे. मराठीत याला 'की' लागत नाही, 'च' लागतो. दोघांतला फरक एका वाक्यात ऐकून पाहा. "इश कॉमे डॉख मिट." डॉख हळू म्हटला तर : मी येतेय की, तुला सांगितलं होतं ना. डॉखवर जोर दिला तर : आधी नाही म्हटलं होतं, पण शेवटी येतेच मी. अक्षरं तीच, लिहिताना काही फरक नाही, सगळा खेळ आवाजाचा. म्हणून मी मुलांना सांगते की डॉख डोळ्यांनी शिकू नका.

आता तिसरी जागा, आणि पहिल्यांदा वापरायला सगळ्यात निर्धोक. आज्ञेत किंवा विनंतीत. "कॉम डॉख राइन!" या ना आत! "झेत्सन झी झिश डॉख!" बसा ना! पुण्यात आपण 'बसा ना' म्हणतो, कोल्हापूर-साताऱ्याकडे 'बसा की' म्हणतात, दोन्हीकडे तोच जिव्हाळा. डॉख काढून नुसतं "झेत्सन झी झिश" म्हटलं तर तो डॉक्टरच्या खोलीतला हुकूम होतो. याला अनेकदा 'माल' जोडतात, म्हणजे आपलं 'जरा' किंवा 'एकदा' : "रूफ डॉख माल आन!" फोन कर ना एकदा! "फ्राक डॉख माल डी शेफिन." जरा मॅडमना विचार ना. क्रम नेहमी 'डॉख माल' असाच, 'माल डॉख' नाही. फक्त स्वर मऊ ठेवा, कारण हाच डॉख ताणून म्हटला तर वैतागही दाखवतो : "नून कॉम डॉख एन्टलिश!" ये ना आता एकदाचा! मराठीत 'ये ना' लाडाचंही असतं आणि वैतागाचंही, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

सुचवतानाही तो असाच कामाला येतो. तुमची बी-१ची तोंडी परीक्षा आठवा, दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं ना, तो पहिला भाग. तिथे मी मुलांना एकच वाक्य घोटायला लावते : "वीअर क्योन्टन डॉख आम झाम्स्टाक गेऽन." आपण शनिवारी जाऊ की! नुसतं 'आपण शनिवारी जाऊ शकतो' म्हणण्यापेक्षा त्यात समोरच्याला ओढून घेण्याची ऊब आहे.

याशिवाय काही छोट्या जागा आहेत, त्या भराभर सांगते. खात्री करून घेण्यासाठी : "डू कॉम्स्ट डॉख मॉर्गन?" उद्या येतेयस ना? विसरलेलं आठवताना : "वी हाइस्ट एअर डॉख ग्लाइश?" काय बरं नाव त्याचं? हा आपला 'बरं' इतका तंतोतंत बसतो की मला दर वेळी आनंद होतो. हळहळताना : "वेऽरे इश डॉख त्सू हाउझे गेब्लीबन!" घरीच राहिले असते तर! मनातला संशय खरा ठरल्यावर : "आल्झो डॉख!" म्हणजे होतंच तर! आणि आश्चर्याची दोन ठाशीव वाक्यं, जी पूर्णच पाठ करायची : "डास गिप्ट्स डॉख निश्ट!" आणि "डास डार्फ डॉख निश्ट वार झाइन!" दोन्हींचा अर्थ : छे, असं कसं होईल! पहिलं चांगल्या आणि वाईट दोन्ही धक्क्यांना चालतं, दुसरं बहुतेक वाईटच बातमीला.

एक शब्द मात्र डॉखच्या फार जवळचा आहे आणि त्यातला फरक तुमच्या कामात लागणार, तो म्हणजे वाक्याच्या मधला 'या'. हा उत्तरातला 'हो' नव्हे. "झी विसन या, वी डास इस्ट." तुम्हाला ठाऊकच आहे कसं असतं ते. इथे बोलणारा समोरच्याला आपल्या बाजूला धरतो, आपलं दोघांचं एकमत आहे असं मानतो. "डास विसन झी डॉख." तुम्हाला माहीत आहे की हे! इथे तो समोरच्याला जरा ढकलतो : माहीत असून असं का? किंवा दारात अचानक कुणी दिसलं तर "डू बिस्ट या डा!", अरे, तू इथे! आणि कुणी म्हणालं की मला कुणी मदतच करत नाही, तर त्याला "इश बिन डॉख डा", मी आहे ना. या दुसऱ्या वाक्यातला डॉख फार प्रेमळ आहे, कारण इथे समोरच्याची निराशा खोडलेली असते. खोडायचं काय आहे, यावर डॉखची चव ठरते. निराशा खोडली तर तो धीर देतो, चूक खोडली तर तो टोचतो.

म्हणून एक कळकळीची विनंती. स्मृतिभ्रंश झालेल्या पेशंटना "डास विसन झी डॉख" किंवा "डास हाबे इश ईनन डॉख गेझाक्ट" कधीही म्हणू नका. त्यांना आठवत नाही हेच त्यांचं दुखणं असतं आणि हा डॉख त्यावरच बोट ठेवतो. तिथे डॉख पूर्ण गाळा आणि पहिल्यांदा सांगतोय तसं शांतपणे सांगा. वरिष्ठांना आणि डॉक्टरांनाही हे वाक्य टाळा. 'मी म्हटलं होतं त्याप्रमाणे' अशा अर्थाचं 'वी गेझाक्ट' वापरा, त्यात टोचणी पुष्कळ कमी आहे. बरोबरीच्या मैत्रिणीला, घरच्या माणसाला डॉख बिनधास्त. आपणही साहेबांना "सांगितलं होतं की तुम्हाला!" म्हणताना जीभ आवरतोच.

शिकायचं कसं? आधी दोन आठवडे फक्त ऐका. शिफ्ट बदलताना जी 'युबरगाबे' होते, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवलं जातं, त्यात कागदावर पाहून वाचलेल्या भागात डॉख जवळपास नसेल. चहाच्या खोलीत गप्पा सुरू झाल्या की तो पावसासारखा पडेल. प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न विचारा : इथे मराठीत मी काय म्हटलं असतं? 'की', 'ना', 'च', 'बरं' की 'तर'? हे उत्तर सापडलं की शब्द आपला झाला. टीव्हीवरच्या बातम्या यासाठी उपयोगाच्या नाहीत, ती लिहिलेली भाषा आहे. रविवारी रात्री सव्वाआठला पोलिसी तपासाची जी मालिका लागते, ती घरोघरी पाहतात आणि तिच्यात माणसं एकमेकांशी भांडतात, समजूत काढतात, खोटं पकडतात; तिथे डॉखचे सगळे प्रकार तासाभरात भेटतात. एखादं वाक्य आवडलं तर थांबवून त्याच चालीत दोन-तीनदा म्हणा, चालीसकट.

मग बोलायला लागा, पण एकेक करून. आधी उत्तरातला डॉख, तो तर कामासाठीच हवा. तो जिभेवर बसला की पाहुण्यांना "कॉम डॉख राइन", मैत्रिणीला "रूफ डॉख माल आन". त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी 'तुला माहीत आहे की'वाला. घाई केली तर दर वाक्यात डॉख येऊ लागतो, आणि तेही बरं नाही. ज्याला त्याला 'आहे की', 'असतं की' म्हणत राहिलं तर माणूस सतत वाद घालतोय असं वाटतं. माझ्या एका विद्यार्थ्याला त्याच्या गटप्रमुखाने सहा महिन्यांनी विचारलं होतं की तुला माझं काहीच पटत नाही का. तो बिचारा नुसता सराव करत होता.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबद्दल करार झाला. तेव्हापासून तुम्ही आहात त्याच भागात जायची तयारी करणारी पुष्कळ मुलं-मुली माझ्याकडे येतात. अभ्यासक्रमाला वेळ थोडा असतो, त्यामुळे विशेषणांचे प्रत्यय शिकवून होतात आणि डॉख राहून जातो. मला वाटतं, हे उलट असायला हवं. प्रत्यय चुकला तर जर्मन माणूस मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. डॉख न कळल्यामुळे मात्र तुमच्यासारखं होतं, चार महिने झाले तरी सहकारी चिडली की नाही हेच कळत नाही.

तर त्या सहकारी बाई. "डास हाबे इश डीअर डॉख गेझाक्ट" म्हणजे "सांगितलं होतं की तुला!" नुसत्या या अक्षरांवरून राग ठरवता येत नाही, मराठीतही येत नाही. जोर 'गेझाक्ट'वर असेल, म्हणजे 'सांगितलं होतं'वर, आणि वाक्य शेवटी खाली आपटलं असेल, तर थोडी टोचणी होती. सहज, सपाट आवाजात म्हणून त्या कामाला लागल्या असतील तर ती नुसती आठवण होती. त्या तुम्हाला अरेतुरे करतात, 'डीअर' म्हणाल्या, 'ईनन' नाही. म्हणजे तुम्हाला त्यांनी आपल्यातलं धरलं आहे. पुढच्या वेळी असं झालं आणि खरोखर विसरला असाल तर म्हणा, "श्टिम्ट, हाटे इश फेरगेसन." खरंय, विसरले होते मी. विषय तिथेच संपतो, कुणी मनात ठेवत नाही. आणि त्यांनी सांगितलंच नव्हतं अशी तुमची खात्री असेल, तर हसून म्हणा, "नाइन, हास्ट डू निश्ट." नाही सांगितलंस. त्यावर त्या बहुतेक "डॉख!" म्हणतील. तेव्हा तुम्हीही "नाइन!" म्हणा.